एका संगणकावर चालणारा खेळ दुसऱ्यावर कां अडतो?



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींना थोडें नवल वाटलें असेल. संगणकावरील खेळ ही मुलांची करमणूक. तो एका यंत्रावर चालला आणि दुसऱ्यावर चालला नाहीं, तर त्याची चर्चा नभोवाणीवरून करावी इतकें त्यांत काय आहे, अशी शंका येणें साहजिक आहे. तिचें उत्तर आरंभींच देऊन टाकतों. लिहिलेलें शिल्लक आहे, परंतु तें वाचणारें यंत्र उरलेलें नाहीं, अशा वेळीं काय करावें, हा या विषयाच्या मुळाशीं असलेला प्रश्न होय. या प्रश्नाची ओळख करून घेण्यास अजिंठ्याच्या लेण्यांइतकें चांगलें ठिकाण आपल्या मुलखांत क्वचितच सांपडेल. म्हणून प्रथम घटकाभर तिकडे जाऊं आणि मग संगणकाकडे वळूं.

वाघूर नदीच्या वळणावरील हीं लेणीं इ. स. १८१९ सालीं जॉन स्मिथ नांवाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडलीं. भिंतींवरील चित्रें डोळे असलेल्या कोणालाहि दिसत होतीं. परंतु त्याच भिंतींवर जे लेख होते ते मुके झाले होते. दगड होता, अक्षरें होतीं, मजकूरहि जागच्या जागीं होता. लोपली होती ती वाचण्याची विद्या. पुढें १८३७ सालीं जेम्स प्रिन्सेप यानें अशोकाच्या ब्राह्मी लिपीचें कोडें सोडविलें. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं अजिंठ्याच्या लेखांचें वाचन प्रसिद्ध केलें, आणि विसाव्या शतकांत महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं सोळाव्या लेण्यांतील वाकाटकांचा लेख अधिक शुद्ध स्वरूपांत विद्वानांपुढें ठेवला. तो वाचला गेला म्हणूनच हें लेणें वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव यानें कोरविलें, हें आज आपणांस ठाऊक आहे.

चित्रांची कथा याहून निराळी आहे. तीं वाचावयाचीं नव्हतीं, उतरून घ्यावयाचीं होतीं. रॉबर्ट गिल यानें १८४४ पासून पुढें अनेक वर्षें लेण्यांत बसून मोठमोठ्या प्रति रंगविल्या. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडल्या असतां १८६६ सालच्या आगींत थोड्या वगळतां जळून गेल्या. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळांत तें काम पुन्हां केलें. त्यांतील पुष्कळशा प्रति १८८५ सालीं साउथ केन्सिंग्टन येथील आगींत नष्ट झाल्या. या दोन कथांतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. कृति टिकवावयाची तर तिची प्रत हवी. आणि ती लिहिलेली कृति असेल तर केवळ प्रत पुरत नाहीं, तिचा वाचकहि टिकवावा लागतो.

या लेण्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत १९८३ सालीं झाला. त्याच वर्षीं, १५ जुलै रोजीं, जपानांत निन्टेन्डो या कंपनीनें ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नांवाचें खेळाचें यंत्र विक्रीस काढलें. दूरदर्शन संचाला जोडावयाचें, हातांत दोन बटणांचा ठोकळा धरावयाचा आणि खेळावयाचें, असें तें यंत्र. अशा यंत्रांना कन्सोल म्हणतात. त्याच्या नकला १९९० नंतरच्या दहा वर्षांत आपल्याकडेहि पुष्कळ घरीं आल्या. खेळ ज्या डबींत भरलेला असे तिला मुलें ‘कॅसेट’ म्हणत. वास्तविक तिच्यांत फीत मुळींच नसे, एक-दोन चिपा असत.

त्या यंत्राची शक्ति किती होती? त्याच्या मेंदूचा ठेका सेकंदाला सुमारें १७ लक्ष ९० हजार; कामापुरती स्मृति दोन किलोबाइट, म्हणजे एका लहानशा पत्रांत मावतील इतकीं अक्षरें. एवढ्या तुटपुंज्या साधनांत खेळ रचणाऱ्यांनीं यंत्राची प्रत्येक खोड ओळखून तिचा उपयोग करून घेतला होता. अजिंठ्याच्या चित्रकारानें खांबाच्या, कमानीच्या आणि दारावरील पट्टीच्या आकाराप्रमाणें चित्र बसवावें, तसा प्रत्येक खेळ त्या एका यंत्राच्या अंगावर बेतलेला होता. आतां तीं यंत्रें थकलीं आहेत. चिपांतील मजकूर काढून घेऊन फाइलींत ठेवतां येतो. परंतु आजच्या संगणकाला ती फाइल दिली तर त्याला तिच्यांतील एकहि आज्ञा कळत नाहीं. सोळाव्या लेण्यांतील लेखाची जी स्थिति होती तीच या फाइलीची.

येथें जो मदतीला येतो त्याला एम्युलेटर म्हणतात. एम्युलेटर हा एक कार्यक्रम आहे, आणि त्याचें काम दुभाष्याचें आहे. खेळ जुन्या यंत्राच्या भाषेंत एक आज्ञा देतो. दुभाषा ती ऐकतो, जुन्या यंत्रानें तेव्हां काय केलें असतें याचा हिशेब करतो, आणि तेंच काम आजच्या संगणकाकडून त्याच्या भाषेंत करवून घेतो. असें तो सेकंदाला लक्षावधि वेळां करतो. कोणतेंहि गणनयंत्र दुसऱ्या गणनयंत्राचें सोंग घेऊं शकतें, हा विचार ॲलन ट्युरिंग यानें १९३६ सालींच गणिताच्या रूपानें मांडला होता. व्यवहारांत तो १९६४ सालीं दिसला. आय. बी. एम. कंपनीनें त्या वर्षीं ‘सिस्टिम ३६०’ ही नवी यंत्रमालिका जाहीर केली, आणि गिऱ्हाइकांचे जुन्या यंत्रांसाठीं लिहिलेले कार्यक्रम वायां जाऊं नयेत म्हणून त्यांतील कांहीं यंत्रांत जुन्या यंत्रांची नक्कल करण्याची सोय ठेवली. म्हणजे एम्युलेटर हा मुळांत खेळासाठीं जन्मलेला नाहीं. हिशेबाच्या वह्या वांचविण्यासाठीं जन्मलेला आहे.

दुभाष्याची ही उपमा लक्षांत ठेवावी, कारण दोष शोधण्याची किल्ली तिच्यांतच आहे. दुभाष्याला दोन पक्ष सांभाळावे लागतात. त्याला खेळाची भाषा नीट आली पाहिजे, आणि ज्या संगणकाच्या घरीं तो उतरला आहे त्या यजमानाशींहि त्याचें जमलें पाहिजे. खेळ जर सर्वच संगणकांवर एकाच जागीं अडत असेल, तर दुभाषा खेळाच्या भाषेंत कच्चा आहे, असें समजावें. तो एकाच संगणकावर अडत असेल, तर मात्र दुभाष्याचें यजमानाशीं कोठें तरी बिनसलें आहे.

पहिल्या प्रकाराचें एक प्रसिद्ध उदाहरण सांगतों. ‘सुपर निन्टेन्डो’ या पुढच्या यंत्रासाठीं १९९५ सालीं ‘स्पीडी गोन्झालेस’ नांवाचा खेळ निघाला. एम्युलेटरवर तो सुरळीत चाले, परंतु शेवटाकडच्या एका टप्प्यांत एका विशिष्ट बटणाला स्पर्श होतांच गोठून जाई. संगणक कोणताहि असो, परिणाम तोच. मूळ यंत्रावर मात्र खेळ पुढें जात असे. शोध घेतां असें आढळलें कीं, त्या ठिकाणीं खेळ स्मृतींतील अशा एका पत्त्यावरून वाचीत होता कीं ज्या पत्त्यावर कांहींच जोडलेलें नव्हतें. खऱ्या यंत्रांत अशा वेळीं तारांवर आधींचें जें मूल्य रेंगाळलेलें असे तेंच हातीं येई, आणि त्याच्या बदलत्या रूपावर खेळाची सुटका होई. रिकाम्या घराचें दार ठोठावल्यावर आंतून काय ऐकूं येतें, याचीहि नक्कल एम्युलेटरला करावी लागली, तेव्हां कोठें तो खेळ पुरा झाला. असे दोष काढणें हें जाणत्या कारागिरांचें काम आहे. दुसऱ्या प्रकारचा दोष मात्र कोणत्याहि घरांत, थोडा धीर धरल्यास, शोधतां येतो.

आतां एक घर कल्पूं. तें अजिंठा गांवांत आहे असें समजा. घरांत एक जुना, मेजावरचा संगणक आहे. आजोबांसाठीं एक नवा लॅपटॉप आणला आहे, आणि त्यांची हौस म्हणून त्याची सर्व मांडणी मराठींत केली आहे. वडिलांच्या लहानपणचा एक कॅसेटचा खेळ नातू जुन्या संगणकावर एम्युलेटर घालून खेळतो. तोच तो आजोबांच्या लॅपटॉपवर घालतो, आणि तेथें एम्युलेटर सांगतो कीं फाइल सांपडत नाहीं. फाइल तर डोळ्यांसमोर दिसते आहे.

“आजोबा, तुमचा लॅपटॉपच खराब आहे,” असें नातू म्हणतो.

“अरे, जुन्यावर चालतें आणि नव्यावर चालत नाहीं, म्हणजे नवा तेवढा खराब, हा कुठला न्याय?” असें आजोबा विचारतात.

आजोबांचा प्रश्न बरोबर आहे. अशा वेळीं सामान्यतः काय केलें जातें? एम्युलेटर काढून पुन्हां घातला जातो. दुसऱ्या कोठून तरी खेळाची निराळी फाइल आणली जाते. कोणी सांगतो म्हणून विषाणुरोधक कार्यक्रम बंद केला जातो. चार ठिकाणच्या खुणा उलटसुलट केल्या जातात. हें सारें एका बैठकींत होतें, आणि चुकून खेळ चालला तरी तो कशानें चालला हें कोणालाच सांगतां येत नाहीं. म्हणून पहिला नियम असा कीं, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि काय बदललें तें कागदावर टिपून ठेवावें. आपल्याजवळ एक चालणारें यंत्र आहे ही केवढी मोठी सोय! दोन घड्याळांपैकीं एक बरोबर चालत असेल, तर दुसऱ्याचा दोष काढणें सोपें जातें. चालणारा संगणक आणि अडणारा संगणक यांत जितके फरक आहेत, ते एकेक करून मिटवीत जावयाचें. ज्या फरकाबरोबर दोष नाहींसा होईल तो फरक म्हणजे चोर.

आरंभीं संगणकाचा संदेश जसाच्या तसा उतरून घ्यावा. ‘चालत नाहीं’ या दोन शब्दांत दहा निरनिराळे आजार मावतात. एम्युलेटर उघडतच नाहीं. उघडतो पण काळा पडदा दिसतो. चित्र येतें पण आवाज तुटतो. खेळ चालतो पण हळू. किंवा खेळ चालतो पण प्रगति साठवली जात नाहीं. यांतील प्रत्येक लक्षणाची वाट वेगळी आहे.

त्यानंतर पाहावें, दोन्हीकडची फाइल एकच आहे काय? नांव सारखें असल्यानें फाइल सारखी ठरत नाहीं. नकलतांना ती अर्धवट उतरलेली असूं शकते, किंवा तीच कृति निराळ्या देशासाठीं काढलेल्या निराळ्या आवृत्तींत असूं शकते. याची परीक्षा करण्यास ‘चेकसम’ नांवाचें साधन आहे. फाइलींतील सर्व मजकुरावर ठराविक गणित करून एक छोटासा आंकडा काढला जातो. मजकुरांत एक बिंदु जरी बदलला तरी आंकडा पार बदलतो. जुन्या पोथीचे श्लोक मोजून शेवटीं संख्या लिहून ठेवण्याची चाल होती, तिचाच हा सूक्ष्म अवतार म्हणावा. दोन्ही संगणकांवर आंकडा एकच आला, तर फाइल निर्दोष सुटली. तिच्याकडे पुन्हां बोट दाखवूं नये.

तिसरी गोष्ट म्हणजे दुभाषा दोन्हीकडे एकच आहे काय? एम्युलेटरच्या आवृत्ति वरचेवर निघतात. म्हणून चालणाऱ्या संगणकावरील एम्युलेटरचा संपूर्ण फोल्डर, त्याच्या खुणांसकट, पेन ड्राइव्हवरून दुसरीकडे न्यावा. येथें एक सावधगिरी सांगतों. खेळ मध्येंच थांबवून त्या क्षणाची जी स्थिति एम्युलेटर स्वतः साठवतो, ती दुसऱ्या आवृत्तींत उघडेल असा भरंवसा नसतो. खेळानें आपल्याच पद्धतीनें साठवलेली प्रगति मात्र बहुधा उघडते. वर्षभर खेळलेला डाव गमवावयाचा नसेल, तर हा भेद ध्यानांत असूं द्यावा.

यानंतर सोबतीच्या फाइलींचा विचार करावा. डिसेंबर १९९४ मध्यें निघालेल्या प्लेस्टेशनसारख्या यंत्रांत, सुरू होतांच चालणारा ‘बायॉस’ नांवाचा कंपनीचा स्वतःचा कार्यक्रम असे. त्या यंत्राच्या कित्येक एम्युलेटरांना ती फाइलहि ठराविक जागीं ठेवावी लागते. ती एका संगणकावर असून दुसऱ्यावर राहून गेली, तर दोष खेळाचा नसून सामान बांधतांना झालेल्या विसराचा असतो. खेळ चालतो पण मंद, अशी तक्रार असेल, तर आवृत्तीचा देश पाहावा. जपान व अमेरिका येथील दूरदर्शनावर सेकंदाला ६० वेळां चित्र उमटे, युरोपांत व आपल्याकडे ५० वेळां. साठाच्या हिशेबानें रचलेला खेळ पन्नासाच्या गतीनें चालविला, तर तो एक-षष्ठांशानें हळू पडतो. संगणक त्याला जबाबदार नसतो.

पांचवी गोष्ट यजमानाची ताकद. हिचा संशय लोकांना प्रथम येतो, आणि जुन्या लहान यंत्रांच्या बाबतींत तो बहुधा व्यर्थ असतो. १९८३ च्या यंत्राचें सोंग आजचा साधासुधा संगणकहि सहज वठवितो. परंतु अलीकडच्या मोठ्या कन्सोलांची नक्कल करतांना ताकदीइतकेंच शब्दसंग्रहाला महत्त्व येतें. कांहीं एम्युलेटर प्रोसेसरच्या ज्या खास आज्ञा वापरतात, त्या त्याच्यांत मुळींच नसल्या तर कार्यक्रम उघडतांच बंद पडतो. उदाहरणार्थ, ‘एव्हीएक्स २’ नांवाचा आज्ञासमूह इंटेलच्या प्रोसेसरांत २०१३ सालीं आला. त्यापूर्वीच्या यंत्रांत तो नाहीं. चित्रें काढण्याच्या बाबतींत ‘व्हल्कन’ ही पद्धति २०१६ सालची; जुन्या चित्रचिपांना ती समजत नाहीं, तेथें खुणांत जाऊन ‘ओपनजीएल’ ही जुनी पद्धति निवडून पाहावी. कांहीं लॅपटॉपांत चित्रचिपा दोन असतात, एक काटकसरीची आणि एक जोराची. एम्युलेटरच्या वांट्याला काटकसरीची आली, तर महाग लॅपटॉपहि अडखळतो. चित्रचिपेचा ड्रायव्हर जुना असणें हें काळ्या पडद्याचें एक नेहमींचें कारण आहे.

शेवटीं जागा आणि परवानगी. विंडोजमध्यें ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरांत सामान्य कार्यक्रमाला लिहूं दिलें जात नाहीं. तेथें ठेवलेला एम्युलेटर प्रगति साठवावयास गेला कीं त्याचा हात धरला जातो. म्हणून सर्व फोल्डर उचलून सी ड्राइव्हवर थेट एका साध्या, रोमन अक्षरांतील नांवाच्या फोल्डरांत ठेवून पाहावा.

आपल्या कल्पित घरांत नातवानें पहिल्या पांच पायऱ्या ओलांडल्या आहेत. फाइल एकच, आवृत्ति एकच, खुणा त्याच. लॅपटॉपची ताकद तर अधिकच. सहाव्या पायरीवर फोल्डर हलवतांच खेळ सुरू होतो. येथें बहुतेक जण समाधान पावून उठतात, आणि येथेंच उठूं नये. दोष घालवितां येणें हा अर्धा पुरावा झाला. तो हवा तेव्हां परत आणतां येणें हा पूर्ण पुरावा. नातू त्याच जागीं ‘खेळ’ असें मराठी नांव देऊन दुसरा फोल्डर करतो आणि सामान त्यांत टाकतो. जागा तीच, परवानगी तीच. बदललें केवळ नांवाचें लिपिस्वरूप. खेळ पुन्हां अडतो. चोर सांपडला.

हें कसें घडतें तें पाहूं. लॅपटॉपवरील खात्याचें नांव देवनागरींत ‘आजोबा’ असें ठेवलेलें होतें. त्यामुळें त्यांच्या सर्व कागदपत्रांचा मूळ फोल्डरहि त्याच नांवाचा झाला, आणि एम्युलेटर त्याच्याच पोटांत होता. विंडोजमध्यें फाइलींचीं नांवें युनिकोड या पद्धतीनें साठवलीं जातात. युनिकोडांत १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत. म्हणून ‘आजोबा’ हें नांव विंडोजला बिनचूक लिहितां येतें. परंतु जुन्या धर्तीवर लिहिलेले कार्यक्रम युनिकोडाच्या दारानें आंत न येतां त्याहून जुन्या दारानें येतात. त्या दारावर ‘कोड पेज’ नांवाचे तक्ते टांगलेले आहेत. पश्चिम युरोपच्या भाषांना एक तक्ता, रशियनला एक, जपानीला एक. मराठी आणि हिंदी यांना त्या जुन्या दारापाशीं तक्ताच दिला गेला नाहीं. विंडोजमध्यें या भाषा आल्या त्या थेट युनिकोडाबरोबर आल्या. मग जुन्या कार्यक्रमानें पत्ता विचारला कीं विंडोज त्याला ‘आजोबा’ या नांवांतील प्रत्येक चिन्हाऐवजीं एक प्रश्नचिन्ह देतें. आ, ज, ओकाराची मात्रा, ब आणि काना: मिळून पांच प्रश्नचिन्हें. आणि विंडोजच्या नियमाप्रमाणें कोणत्याहि फाइलीच्या नांवांत प्रश्नचिन्ह असूंच शकत नाहीं. तेव्हां एम्युलेटर प्रामाणिकपणेंच सांगतो कीं अशी फाइल सांपडत नाहीं. जुन्या संगणकावरील खातें कोणी तरी पूर्वीं ‘ॲडमिन’ या रोमन नांवानें उघडलें होतें, म्हणून तेथें हा दोष कधीं दिसलाच नाहीं.

म्हणजे नवा लॅपटॉप खराब नव्हता, फाइल खराब नव्हती, आणि नातवाचीहि कांहीं चूक नव्हती. एम्युलेटर लिहिणाऱ्यानें एक गोष्ट न बोलतां गृहीत धरली होती कीं, संगणकाच्या मालकाचें नांव आपल्या तक्त्यांतील अक्षरांतच असणार. एका यंत्रावर चालून दुसऱ्यावर अडणाऱ्या कार्यक्रमांच्या मुळाशीं पुष्कळदां असें एखादें न बोललेलें गृहीत असतें. चालणाऱ्या यंत्रावर तें योगायोगानें खरें ठरतें, आणि म्हणून दिसत नाहीं.

यावर तात्कालिक उपाय तर झालाच: सी ड्राइव्हवर रोमन नांवाचा फोल्डर करावा आणि एम्युलेटर त्यांत ठेवावा. खात्याचें दिसणारें नांव बदलून उपयोग नाहीं. नांव बदललें तरी मूळ फोल्डर जुन्याच नांवाचा राहतो, आणि तो हातानें बदलूं गेल्यास सगळें खातेंच बिघडण्याचा धोका आहे. संपूर्ण विंडोजच्या जुन्या दारावर युनिकोडाचा तक्ता टांगण्याची एक खूण अलीकडच्या आवृत्त्यांत आहे. परंतु तिनें दुसरे जुने कार्यक्रम बिघडूं शकतात, म्हणून एका खेळासाठीं तिला हात लावूं नये. विषाणुरोधक बंद करण्याचा तर येथें कांहीं संबंधच नाहीं.

परंतु माझ्या मतें येथें थांबणें पुरेसें नाहीं. कारण या उपायाचा सरळ अर्थ असा कीं, आजोबांनीं आपलें नांव आपल्या लिपींत लिहिलें हीच अडचण झाली, आणि ती दूर करावयाची तर लिपि बदलावी. एका घरानें एका संध्याकाळीं तें करणें समजण्यासारखें आहे. प्रत्येक घरानें प्रत्येक वेळीं तेंच करीत जाणें मात्र घातक आहे; मग दोष कार्यक्रमाचा न राहतां आपल्या लिपीचा ठरतो, आणि पुढच्या पिढीला ‘संगणकावर मराठी नांवें देऊं नयेत’ हा नियम वडिलोपार्जित शहाणपणासारखा शिकविला जातो. वास्तविक हा दोष दुरुस्त करणें अवघड नाहीं. कार्यक्रमानें युनिकोडाचें दार वापरलें कीं काम झालें. शिवाय विंडोज १० च्या २०१९ मधील आवृत्तीपासून एखाद्या कार्यक्रमाला केवळ स्वतःपुरता युनिकोडाचा तक्ता मागून घेण्याची सोयहि आहे. तें करावयाचें कार्यक्रमाच्या कर्त्यानें. आपलें काम त्याला कळविण्याचें.

पुष्कळसे एम्युलेटर हौशी माणसांनीं फावल्या वेळीं लिहिलेले असतात, आणि त्यांचा मजकूर सर्वांसाठीं खुला असतो. त्यांच्याकडे केवळ ‘खेळ चालत नाहीं’ अशी तक्रार गेली, तर ते बापडे काय करणार? तक्रारींत एम्युलेटरची आवृत्ति, विंडोजची आवृत्ति, संदेशाचे नेमके शब्द, फाइलीचें चेकसम आणि दोष पुन्हां घडवून आणण्याची रीत, एवढें असावें. आपल्या उदाहरणांत ती रीत एका ओळीची आहे: फोल्डरला देवनागरी नांव द्या आणि खेळ उघडून पाहा. अशी तक्रार वाचून कर्त्याला घरबसल्या दोष दिसतो, आणि जो दोष दिसतो तो दुरुस्त होण्याची आशा असते. देवनागरी नांवाचा संगणक त्याच्या घरांत नसतो. तो आपल्या घरांत असतो. म्हणून ही साक्ष आपणच दिली पाहिजे.

इतकी खटपट एका खेळासाठीं कशाला, असें कोणी विचारील. त्याला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. अमेरिकेंतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ या संस्थेनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत असें दिसून आलें कीं, त्या देशांत २०१० पूर्वीं निघालेल्या खेळांपैकीं शेंकडा ८७ खेळ आतां बाजारांत विकत मिळत नाहींत. ज्यांच्यावर एका पिढीचें बालपण गेलें, त्या कृति मूळ यंत्रांबरोबर नाहींशा होण्याच्या मार्गावर आहेत, आणि त्यांना वाचणारा एम्युलेटर हाच उरलेला वाचक आहे. अर्थात् कायद्याची मर्यादा पाळलीच पाहिजे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वयें कार्यक्रमाची प्रत ज्याच्याजवळ रीतसर आहे त्याला, ती गमावली जाऊं नये म्हणून राखीव प्रत करण्याची मुभा आहे. दुसऱ्याच्या खेळाच्या फाइली फुकट उतरून घेण्याची मुभा तिच्यांत येत नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं, आज खेळाची जी स्थिति तीच उद्यां आपल्या इतर लेखनाची. मराठी घरांत आज पत्रें, हिशेब, वंशावळी, आजीच्या पाककृति, कवितांच्या वह्या सारें संगणकांत जात आहे. हें सारें वाचणारे कार्यक्रम एके दिवशीं जुने होतील आणि त्यांचींहि सोंगें घ्यावीं लागतील. त्या दिवशींच्या दुभाष्याला आपलीं नांवें वाचतां येतील कीं तो पांच प्रश्नचिन्हें उमटवून मोकळा होईल, हें बऱ्याच अंशीं आज आपण काय कळवितों व काय निमूटपणें सोडून देतों यावर अवलंबून आहे. सोळाव्या लेण्यांतील वराहदेवाचा लेख ज्या ब्राह्मी वळणाच्या अक्षरांत आहे, त्याच कुळांतली आपली देवनागरी आहे. त्या अक्षरांनीं दगडावर दीड हजार वर्षें काढलीं आणि वाचणारा भेटतांच तीं पुन्हां बोलूं लागलीं. ‘आजोबा’ हीं तीन अक्षरें लॅपटॉपवर एक वर्षहि मुकीं राहावींत, असें कांहीं कारण नाहीं.

म्हणून यापुढें आपल्या घरीं एखादा खेळ एका संगणकावर चालला आणि दुसऱ्यावर अडला, तर यंत्राला बोल लावण्याआधीं दोहोंतील फरकांची यादी करावी, एका वेळीं एकच फरक मिटवावा, सांपडलेला दोष एकदां परत आणून खात्री करून घ्यावी, आणि तो ज्यानें दुरुस्त करावयाचा त्याला चार स्पष्ट ओळींत कळवावा. मुलांना हें सारें आपल्याबरोबर बसवून करूं द्यावें. शोध घेण्याची शिस्त त्यांना याहून आनंदानें शिकवितां येईल असें साधन मला ठाऊक नाहीं.